तुम्ही विचारलंत म्हणून: कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायला कुठलं मशीन घेऊ?

लग्नात पंगतीला बसलो, कटिंगला नंबर लावून बसलो, कुठंही असलो तरी कुणीतरी शेजारी सरकतं आणि विचारतं, "ओ, आमच्याकडं लग्नाच्या कॅसेट पडल्यात बघा, त्या कॉम्प्युटरवर घ्यायला कुठलं मशीन घेऊ?" आणि मशीन म्हणजे त्यांच्या डोक्यात ती यूएसबीची काडी असते, एका बाजूला पिवळी-पांढरी-लाल पिन, दुसऱ्या बाजूला यूएसबी, ऑनलाईन हजाराच्या आत मिळते ती. आता प्रत्येकाला उभ्याउभ्या सांगून घसा बसायची वेळ आली म्हणून एकदाच लिहून टाकतो.

काडीचं नंतर बघू. आधी माळ्यावर चढा आणि कॅसेट खाली काढा, कारण "व्हिडिओ कॅसेट" म्हणून लोक चार वेगवेगळ्या गोष्टी दाखवतात. मोठी काळी व्हीएचएस सगळ्यांना माहितीय. तिचंच छोटं रूप व्हीएचएस-सी, ती ॲडॉप्टरच्या खोक्यात घालून साध्या व्हीसीआरला चालते. तिसरी हँडीकॅमची ८ मिलिमीटरवाली, व्हिडिओ८ किंवा हाय८. हिच्यासाठी ॲडॉप्टर शोधत आमच्या सोलापूरची नवी पेठ पालथी घालू नका, असा ॲडॉप्टर नसतोच, व्हीएचएसची टेप १२.७ मिलिमीटर रुंद आणि ही ८, बसणार कशी? तिला तिचा कॅमेराच लागतो. आणि चौथी ती इवलीशी मिनीडीव्ही, तिच्यात मुळातच डिजिटल आकडे भरलेत, ती फायरवायर नावाच्या डिजिटल वायरने जशीच्या तशी उतरवायची, तासाला साधारण १३ जीबी. ती पिवळ्या पिनेतून काढणं म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. नव्या लॅपटॉपला फायरवायर नसतं, त्यापेक्षा तसं कार्ड असलेला एखादा जुना डेस्कटॉप गाठा.

कॅसेट कळली की लगेच दुसरं काम, व्हीएचएसच्या मागच्या कडेला एक प्लास्टिकची छोटी टॅब असते, ती स्क्रूड्रायव्हरने उचकटून मोडून टाका. ती मोडली की त्या कॅसेटवर रेकॉर्ड होत नाही. का सांगतोय ते शेवटी कळेल.

आता मशीन. माझं मत स्पष्ट आहे, शंभरातले सत्तर रुपये व्हीसीआरवर घाला, काडीवर नाही. टेपवर जे आहे ते वाचणार व्हीसीआर. त्याने जे वाचलंच नाही ते जगातलं कुठलंही कार्ड परत आणू शकत नाही. लोक बरोब्बर उलटं करतात, महागाचं कार्ड घेतात आणि व्हीसीआर शेजाऱ्याचा आणतात, जो पंधरा वर्षं दिवाणात चादरींखाली होता. त्यातून आपल्याकडचे बरेच सेट भाड्याने फिरलेले. आठवतंय ना, गणपतीत टीव्ही आणि व्हीसीआर रात्रभरासाठी भाड्याने आणायचा, तीन पिक्चर, गल्लीतली सगळी पोरं चटईवर, पहाटेपर्यंत मशीन तापून लाल. असल्या मशीनच्या हेडमध्ये, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागात, आता काय उरलं असणार? नवा मिळेल म्हणाल तर तेही नाही, व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी म्हणून जपानची फुनाई ओळखली जायची, तिनेही २०१६ च्या जुलैत काम बंद केलं. म्हणजे जुनाच घ्यावा लागणार, मग मंगळवार बाजारात मिळो की पुण्याच्या कुणा नातेवाइकाच्या कपाटात.

घ्यायला जाताना वाया गेली तरी चालेल अशी एक कॅसेट बरोबर न्या. घरातली लग्नाची कॅसेट परक्या मशीनमध्ये पहिल्यांदा घालायची नाही म्हणजे नाही. पंधरा मिनिटं चालवा, पुढं-मागं पळवा, दोन-तीनदा बाहेर काढा. आत घेताना कुरकुरला, रिवाइंड करताना दमला, तर पट्टे आणि रबरी रोलर कडक झालेत समजा. सोलापूरच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत पडलेल्या मशीनचं रबर टिकत नाही, त्यात त्याची काय चूक. पट्टे बदलता येतात, पण बदलणारा माणूस आधी शोधा आणि मग मशीन घ्या. एस-व्हिडिओची गोल पिन असेल तर उत्तम, उजेड आणि रंग वेगवेगळ्या तारांनी येतात, पिवळ्या पिनेत दोन्ही एकत्र कालवलेले असतात. साध्या व्हीसीआरला ती बहुतेक नसते, नसली तर नसली, त्यावाचून अडत नाही. स्टिरिओ हायफाय आवाजाचा असेल तर घ्या. नुसता व्हीसीपी, म्हणजे रेकॉर्ड न करणारा, तोही चालतो, उलट माझ्या मते सुरक्षित.

आणला की हेड साफ करायचं. झाकण काढायच्या आधी प्लग भिंतीतून काढा. आत तिरका बसवलेला चकचकीत ड्रम दिसतो, चालू असताना तो मिनिटाला १५०० फेरे मारतो, आणि त्याच्या खालच्या कडेला नखाच्या टोकाएवढी हेड बसवलेली असतात. कोऱ्या कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवायची, ड्रमला हलकी टेकवून एका जागी धरायची आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरून हळू फिरवायचा. हात हलवायचा नाही, ड्रम हलवायचा. कागदावर पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ उमटते, ती तुमच्या काकूच्या वरातीतली मुंग्यांची खरखर. कानातल्या काडीचा कापूस वापरू नका, तंतू अडकतो आणि हेड तुटतं, माझं एक तसंच गेलंय.

आता तुमच्या लाडक्या काडीकडे येऊ. साधी, चांगल्या चिपची काडी व्हीएचएसला पुरते. आपल्याकडचं सिग्नल पाल पद्धतीचं, ६२५ ओळी, त्यातल्या चित्राच्या ५७६, सेकंदाला २५ चित्रं आणि प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत, म्हणजे ५० अर्धी. आधी एकाआड एक ओळी, मग मधल्या. काडीने हे सगळं आहे तसं उचलून दिलं पाहिजे, ७२० बाय ५७६, बस. फसवतो तो दुसरा डबा, "एव्ही टू एचडीएमआय, फुल एचडी" लिहिलेला. व्हीएचएसमध्ये आडवा तपशील जेमतेम २४० ओळींचा, त्याला १०८० करून काय होणार, पाणी घालून आमटी वाढते, डाळ वाढत नाही.

मी स्वतः त्या डब्याला फसलोय. दुकानदाराने ठासून सांगितलं, हाच घ्या, पिक्चर एकदम कडक येतं. अकरा कॅसेट उतरवल्या, दीड महिना, रोज रात्री. मग मोठ्या बहिणीला दाखवायला बसलो तर ती म्हणाली, "मी एवढी जाड होते?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, डब्याने चौकोनी ४:३ चित्र ओढून १६:९ केलेलं, सगळं वऱ्हाड आडवं सुजलेलं. ते तरी नंतर दाबून सरळ करता येतं हो, पण ५० अर्ध्यांमधली निम्मी त्याने फेकून दिलेली, ती कुठून आणणार, वरातीत नाचणारी माणसं धक्के खात नाचत होती. सगळं परत उतरवावं लागलं आणि दुसऱ्या फेरीत एक टेप चुरगळली. पैशाचं दुःख नाही, टेपचं आहे.

ज्याबद्दल कुणी विचारत नाही पण विचारायला पाहिजे ती गोष्ट म्हणजे टाइम बेस करेक्टर, टीबीसी. सोलापूरकराला हे समजावणं सोपंय. चित्र म्हणजे कापड समजा, प्रत्येक ओळ म्हणजे धोट्याने टाकलेला एक बाणा. टेप ताणलेली, मशीन जुनं, त्यामुळं एक ओळ जरा लवकर सुरू होते, पुढची जरा उशिरा, आणि चादरीचा काठ दातरा निघावा तशी चित्राची कड दातरी निघते. मंडपाचा सरळ खांब पाण्यात बघितल्यासारखा डुलतो, वरच्या बाजूला तर वाकून झेंड्यासारखा फडफडतो. टीबीसी प्रत्येक ओळ धरून एका रेषेत लावतो. खरा टीबीसी महाग आणि दुर्मिळ. गरिबाचा उपाय म्हणजे जुना डीव्हीडी रेकॉर्डर, प्लेअर नव्हे, रेकॉर्डर. त्यात डिस्क घालायचीच नाही, व्हीसीआरची वायर त्याच्यात आणि त्याची वायर काडीत, नुसता मधून जाऊ द्यायचा. पॅनासॉनिकच्या ईएस१० आणि ईएस१५ या मॉडेलचं नाव या कामासाठी जगभर घेतात. मला ती सोलापुरात सापडली नाहीत, दुसऱ्याच एका कंपनीचा मिळाला, त्याने खांब ऐंशी टक्के सरळ केले, माझ्यासाठी पुष्कळ झालं. सगळे रेकॉर्डर हे करत नाहीत, म्हणून लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

चित्राच्या अगदी तळाशी फाटक्या कडेसारखी पट्टी दिसेल, तिला घाबरू नका, एका हेडवरून दुसऱ्या हेडवर जातानाची ती खूण, प्रत्येक व्हीएचएसमध्ये असते, टीव्हीच्या चौकटीआड लपायची एवढंच.

बाकी भराभर. अमेरिकेतल्या भाच्याने पाठवलेली कॅसेट एनटीएससी, म्हणजे तिकडच्या सिग्नल पद्धतीची असणार, आपल्या बऱ्याच मशीनवर ती टीव्हीला दिसते पण काडीला समजत नाही, काळीपांढरी येते किंवा लोळते. जागा भरपूर ठेवा, काहीच न दाबता साठवलं तर तासाला ७५ जीबीच्या आसपास, हफवाययूव्हीसारख्या न बिघडवता दाबणाऱ्या पद्धतीने त्याच्या निम्म्याहून कमी, आणि नातेवाइकांना वाटायची एमपी४ दोन-तीन जीबीत होते. मूळ फाईल मात्र डिलीट करू नका. कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायला सॉफ्टवेअर लागतं, व्हर्चुअलडब फुकट आहे, ओबीएसही फुकट आहे, ओबीएस वापरलंत तर त्याला ७२० बाय ५७६ सांगा, नाहीतर तो आपल्या मनाने मोठं करतो. आजूबाजूला यंत्रमाग असतील तर यूपीएस लावाच, व्होल्टेज खालीवर झालं की मशीन टेप तोंडात धरून थांबतं. मे महिन्यात दुपारी हा उद्योग नको. माळ्यावरची कॅसेट दिवसभर खोलीत ठेवा, एकदा पूर्ण पुढं, पूर्ण मागं पळवा, मग चालवा. आणि कॅसेटच्या खिडकीतून पांढरी बुरशी दिसली तर मशीनमध्ये घालूच नका. आपल्याकडं कोरडी हवा म्हणून ती कमी, पण कोकणातल्या पाहुण्यांच्या कॅसेटवर हमखास.

चार-पाचच कॅसेट असतील तर खरं सांगतो, काही विकत घेऊ नका, करून देणाऱ्याकडं द्या. फक्त विचारा, डीव्हीडी देणार की फाईल? डीव्हीडी म्हणाला तर उठा. वीसच्या वर असतील आणि अंगात चिकाटी असेल तर घरी करा. आणि त्याआधी ज्याने शूटिंग केलं त्याला गाठा, मिक्सिंग करून दिलेली तुमची कॅसेट ही कॉपी असते, बदामात नवरा-नवरी घालायच्या आधीची मूळ त्याच्या घरी असू शकते.

हां, टॅब. माझ्या मामांचं लग्न १९९५ चं. त्यांची कॅसेट लावली, हळद चालू होती, मामांच्या गालाला कुणीतरी हळद फासतंय, आणि मध्येच चित्र फाटलं, काडीने निळा पडदा दाखवला, आणि तिथून पुढं आवाज आणि चित्राचा मेळच सुटला. दोन रेकॉर्डिंगच्या सांध्यावर सिग्नल तुटतं आणि साधी काडी तिथं गडबडते. व्हीसीआर आणि काडीच्या मधे तो डीव्हीडी रेकॉर्डर जोडून परत चालवलं तेव्हा सांधा नीट पार झाला. हळदीनंतर थेट शारजा. २२ एप्रिल १९९८, वाळूचं वादळ, खेळाडू मैदानावर पालथे पडलेले, मग सचिनचे १४३. अक्षता, सप्तपदी, पाठवणी, काही म्हणजे काही नाही, मामांनी त्या दिवशी हाताला लागली ती कॅसेट घातलेली आणि टॅब शाबूत होती.

मी फोन करून चाचरत सांगितलं. पलीकडं बराच वेळ शांतता. मग मामा हळू आवाजात म्हणाले, "मॅच पूर्ण आहे का रे? तेवढी वेगळी फाईल करून दे." फोन स्पीकरवर होता, ते मामींचा आवाज आल्यावर कळलं.