प्रॉक्टरचा डेकोरेशनचा रविवार

फॉन्टाना जलाशयाच्या धक्क्यावर सकाळी माणसं जमू लागतात ती दाताळी, फावडी, फुलांची खोकी आणि जेवणाचे डबे घेऊन. ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानाची बोट त्यांना पलीकडे हेझल क्रीक या ओढ्याशी सोडते. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या या धरणग्रस्त कुटुंबांचा हा वार्षिक मेळावा, पूर्वजांच्या कबरी साफ करून फुलांनी सजवायचा. त्याला सगळे 'डेकोरेशन' म्हणतात.

ओढ्याकाठचं प्रॉक्टर हे एके काळी लाकूडतोडीचं भरभराटीचं गाव होतं. रिटर कंपनीची गिरणी, रेल्वे, शाळा, हजारावर वस्ती. झाडं संपली तशी 1928 मध्ये कंपनी निघून गेली. आज कॅलहून कुटुंबाचं घर आणि लाकूड वाळवायच्या भट्टीच्या भिंती तेवढ्या उभ्या आहेत. मागे राहिलेली घरं युद्धकाळात उठली, कारण अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यांना वीज हवी होती. 1942 ते 1944 मध्ये 480 फूट उंच धरण बांधलं गेलं आणि जुना रस्ता पाण्याखाली गेला. युद्धानंतर नवा रस्ता बांधून देऊ, असं 1943 च्या करारात लिहिलं होतं. तो बोगद्यापर्यंत आला आणि थांबला, कारण तिथला खडक उघडा पडला की आम्ल ओढ्यांत उतरतं. म्हणून 1978 पासून उत्तर तीरावरच्या कुटुंबांनी मंडळ करून बोटीनेच कबरींपर्यंत जायचा परिपाठ ठेवला.

पहिलं काम मातीचं. पालापाचोळा ओढायचा, गवत मुळासकट खुरपायचं, मग दोन्ही बाजूंची माती मध्ये ओढून कबरीवर लांबट उंचवटा करायचा. जुनी लाकडी पेटी कुजली की वरची जमीन खचते, खड्ड्यात पाणी मुरतं आणि उशाचा दगड कलतो. उंचवटा असला की पाणी बाजूला वाहून जातं. आदल्या रात्री पाऊस झाला असेल, तर माती फावड्याला चिकटते. तेव्हा घाई न केलेली बरी. नाव नसलेला ओबडधोबड दगड मात्र कधीही हलवू नये. तोच एकमेव खूण असतो.

फुलं क्रेप कागदाची, घरी केलेली. कागदाच्या सुरकुत्या पाकळीच्या लांबीने यायला हव्यात, नाहीतर अंगठ्याने ताणून पाकळीला खोलगटपणा येत नाही. पाकळ्या तारेवर बांधून देठाला हिरवी पट्टी गुंडाळतात आणि फूल पॅराफिन मेणात बुडवून उलटं टांगतात. मेण थेट आचेवर कधीच ठेवू नये, ते पेट घेतं. गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवावं. मेण निवत आलं असेल तर पाकळीवर पांढरे गोळे बसतात, फार तापलं तर कागद मेण पिऊन लिबलिबीत होतो. बिनमेणाच्या फुलाचा रंग पहिल्याच सरीत ओघळतो. प्लास्टिकची फुलं सोपी खरी, पण आजी आणि नाती एका टेबलाशी बसून फुलं करतात, त्या वेळी किती नावं बोलली जातात!

आणि खरी ठेव ही नावंच आहेत. अक्षरं झिजलेल्या दगडावर खडू किंवा तारेचा ब्रश वापरू नये. मऊ ब्रश, साधं पाणी आणि आरशाने तिरपा पाडलेला उजेड पुरतो. वहीत रांग, रांगेतला क्रमांक आणि दोन्ही शेजारच्या कबरी लिहाव्यात. नुसतं 'ओकच्या झाडाजवळ' लिहिलं, तर ओक पडल्यावर ती नोंद कुणाच्या उपयोगाची?

हे लिखाण जेवणाआधी उरकावं, कारण चढ दमवणारा असतो आणि म्हातारी माणसं दुपारी थकतात. मग प्रार्थना, भजनं, आणि लांब टेबलांवर तळलेलं कोंबडं, घेवड्याच्या शेंगा, मक्याची भाकरी, थरांचा सफरचंदी केक. ध्वनिमुद्रण करायचंच, तर ते या टेबलाशी करावं. "तुमचं लहानपण सांगा" म्हटलं की माणूस गप्प होतो. त्यापेक्षा जुना फोटो पुढे ठेवून "याच्या डावीकडे कुणाचं घर होतं?" विचारावं, चार जण एकदम बोलू लागतात, एकमेकांना दुरुस्त करतात. हा वाद मध्येच थांबवू नये. त्यातूनच गल्ली घरागणिक जागेवर बसत जाते.