लास व्हेंतासमध्ये कोरीदा पाहताना: माझा अनुभव

माद्रिदला सान इसिद्रोच्या उत्सवात, मे-जूनमध्ये, लास व्हेंतासच्या रिंगणात जवळजवळ रोज संध्याकाळी सातला कोरीदा, म्हणजे माणूस आणि वळूची झुंज, असते. तिकीट काढताना आधी ऊन बघावं: ‘सोल’ म्हणजे उन्हातली बाजू, स्वस्त, ‘सोंब्रा’ सावलीतली, महाग. बसायला दगडी पायऱ्या, म्हणून आत शिरतानाच गादी भाड्याने घेतली. सुरू झाल्यावर एक वळू संपेपर्यंत आत सोडत नाहीत.

(बैल नव्हे, वळूच, चार ते सहा वर्षांचा, इथे किमान ४६० किलोचा.) गोव्यातल्या धिरयोत वळू वळूशी भिडतो. इथे समोर माणूस, आणि शेवट बहुधा ठरलेला. तीन मातादोर (तलवारीने वळूला मारणारे), सहा वळू, एकेका वळूला वीसेक मिनिटं.

मला सगळ्यात उशिरा कळली ती मानेची गोष्ट. घोड्यावरचा पिकादोर मानेवरच्या उंचवट्यात भाला खुपसतो, मग बांदेरियांच्या, म्हणजे टोकाला आकडे लावलेल्या काठ्यांच्या, तीन जोड्या रोवतात. डोकं खाली यावं म्हणून हा खटाटोप. तलवार घेऊन मातादोर शिंगांवरून झुकतो तेव्हा डोकं वर राहिलं, तर शिंग थेट अंगात. वळूचे पुढचे पाय जुळलेले हवेत, तरच खांद्यांमधली फट उघडते. नाहीतर पातं हाडावर आदळतं. तिरकं घुसलं तर फुप्फुस फाटतं, तोंडातून रक्त येतं. ते बघवत नाही, आणि बघवू नयेच असं मला वाटतं.

वाऱ्याचीही भीती. लाल कापड उडालं की वळूला माणूस दिसतो, म्हणून कापड पाण्याने भिजवून जड करतात. मातादोर व्हिक्तोर बार्रिओ ९ जुलै २०१६ ला स्पेनमधल्या तेरुएल शहरात रिंगणात मारला गेला, तेव्हा तोही वाऱ्याने उघडा पडला होता. वय २९. शिंग छातीत घुसलं, टीव्हीवर प्रक्षेपण चालू असताना. त्याच्या मरणाचा आनंद ऑनलाइन साजरा करणाऱ्यांविरुद्ध घरच्यांना कोर्टात जावं लागलं. कोरीदेला माझा विरोध आहे, पण त्या आनंदात मी नाही.

स्पेनच्या कातालोनिया प्रांताने कोरीदेवर २०१० मध्ये घातलेली बंदी २०१६ मध्ये देशाच्या घटनात्मक न्यायालयाने रद्द केली. भांडण मिटलेलं नाही.

उठून जायचं असेल तर खेचरं मेलेला वळू ओढून नेतात तेव्हाच जावं. मी चौथ्यानंतर उठलो.