दगडवही, नोंद ७ : स्फोट का होतो? सिलिकाच्या आधी वायू बघा

मंडळी, मागच्या नोंदीत मी अगदी ठामपणे लिहिलं होतं की सिलिका (वाळूत असतो तोच घटक) जास्त असेल तर लाव्हा घट्ट आणि म्हणून स्फोट, सिलिका कमी असेल तर पातळ आणि म्हणून शांत. ते अर्धवट होतं. गेले दोन महिने घरी जे मोजलं, करून पाहिलं, वाचलं त्यानंतर ते दुरुस्त करणं भाग आहे, त्यामुळे ही नोंद जरा लांबेल.

आधी दगड. दिवे घाटात रस्त्याकडेला पडलेल्या डबरातून दोन तुकडे आणलेत. एक काळा ठणठणीत बसाल्ट, वजनकाट्यावर ४१२ ग्रॅम, दोऱ्याने पाण्यात लटकवला तर २७० ग्रॅम, म्हणजे घनता २.९ च्या आसपास. दुसरा जाळीदार, त्याला पातळ प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून मोजला (नाहीतर भोकांत पाणी शिरतं आणि सगळा हिशोब चुकतो), तो आला २.०. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा नुसती पोकळी. आणि याच तुकड्याच्या एका कडेला पेन्सिलीच्या शिसाएवढ्या जाड उभ्या नळ्या आहेत, बोटाच्या पेराएवढ्या लांब, आत पांढऱ्या झिओलाइटचा (पोकळीत नंतर साठलेल्या खनिजाचा) थर. दहापट भिंगाखाली धरल्यावर काही नळ्या वर जाऊन दोनाच्या एक झालेल्या दिसतात. लाव्हा मऊ होता तेव्हा बुडबुडे वर सरकत गेले, त्यांची ही वाट, साडेसहा कोटी वर्षं तशीच राहिलेली. किती वेळा पाहिलं तरी अंगावर काटा येतो.

आता प्यूमिस, म्हणजे ज्वालामुखीतून आलेली, फेसासारखी भोकाभोकांची काच. दुकानातून वजरी म्हणून आणलेला पहिला तुकडा खोटा निघाला, घासल्यावर सडक्या अंड्यासारखा वास आला, तो कारखान्यात फुगवलेल्या काचेचा होता. वास आला की समजा तो ज्वालामुखीचा नाही. मग मैत्रिणीने बालीहून खरा आणून दिला. ३१ ग्रॅम, सुईने दाबून बुडवला तर आकारमान ४८ मिलिलिटर, घनता ०.६५. त्यातल्या काचेची घनता साधारण २.४ धरली तर ७३ टक्के पोकळी! हा आकडा आल्यावर मी वही बाजूला ठेवून नुसती बसून राहिले, कारण मॅग्मात (जमिनीखालच्या वितळलेल्या खडकात) बुडबुड्यांचं प्रमाण साधारण ७० ते ८० टक्क्यांवर गेलं की तो सलग द्रव राहत नाही, त्याचे तुकडे होतात आणि वायूच तुकड्यांना घेऊन वर उडतो असं वाचलं होतं, आणि इथे तळहातावरचा दगड त्याच हद्दीवर थांबलेला.

वायू येतो कुठून, तर मॅग्मातच विरघळलेला असतो, मुख्यतः पाणी, शिवाय कार्बन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड. खोलवर दाबाखाली तो गप्प बसतो. मॅग्मा वर आला, दाब कमी झाला की बाहेर पडायला लागतो. मी गणित करून पाहिलं: ९०० अंशांच्या एक घनमीटर मॅग्मात वजनाने ५ टक्के पाणी असेल आणि सगळं वाफ होऊन जमिनीवरच्या दाबाला आलं, तर सहाशे घनमीटरच्या आसपास वाफ होते. एवढी वाफ सुटायला वाट आणि वेळ मिळाला तर लाव्हा वाहतो, नाही मिळाला तर फुटतो.

यासाठी लांब जायला नको, पिठलं बघा. पाणी उकळताना बुडबुडे पटापट फुटतात, कुणाला काही होत नाही. पिठलं घट्ट झालं की तेच बुडबुडे आत अडकतात, मोठे होतात आणि थबाक करून उडतात, हात भाजतो, म्हणून आई झाकण ठेवून लांब उभी राहते. वाफ तीच, आचही तेवढीच, फक्त सुटका अवघड. इथे घट्टपणाचं काम आहेच, ते मी नाकारत नाही. बसाल्टमध्ये सिलिका ५० टक्क्यांच्या आसपास आणि तापमान ११००-१२०० अंश, त्यामुळे तो मधासारखा वाहतो, रायोलाइट नावाच्या खडकात सिलिका ७० च्या वर, तापमान कमी, आणि तो लाखो पटींनी घट्ट.

पाकाचाही प्रयोग केला. एकतारी पाकात चिमूटभर सोडा टाकला तर फसफसून लगेच खाली बसला. चिक्कीच्या पाकात तेवढाच सोडा टाकला तर फुगत फुगत कढईच्या काठाला आला आणि तसाच थिजला. गार झाल्यावर फोडून भिंगाखाली प्यूमिसच्या शेजारी ठेवला, भिंती तशाच कागदासारख्या पातळ, भोकं एका दिशेला ओढलेली. दोन्ही पाकांचं तापमान वेगळं होतं, म्हणून तुलना तंतोतंत नाही हे मान्य. (करणार असाल तर लांब बाह्यांचे कपडे घाला आणि मुलांना ओट्याजवळ येऊ देऊ नका, पाकाचा चटका फार वाईट.)

मत खरं बदललं ते सेंट हेलेन्स या ज्वालामुखीमुळे. १८ मे १९८० ला अमेरिकेतल्या या डोंगराची उत्तर बाजू भूकंपाने घसरली, ती बाजू आधीचे कित्येक दिवस मॅग्माने फुगत होती, आणि वरचं वजन एका झटक्यात गेल्यावर आतला वायू आडवा फुटला. ५७ माणसं गेली, शिखर सुमारे ४०० मीटरने बुटकं झालं. गोटी सोड्याची गोटी एकदम आत ढकलल्यावर जे होतं तेच, फक्त डोंगराएवढं. पण याच डोंगरातून २००४ ते २००८ पुन्हा डेसाइटच (बसाल्ट आणि रायोलाइटच्या मधला, बऱ्यापैकी घट्ट मॅग्मा) आला, सिलिकाही तितपतच, आणि तो टूथपेस्टसारखा हळूहळू बाहेर सरकत राहिला, घुमट वाढत गेला. का? वर येईपर्यंत त्यातला बराच वायू निघून गेला होता.

उलटं उदाहरण न्यूझीलंडचा तारावेरा ज्वालामुखी. १० जून १८८६, मॅग्मा बसाल्ट, म्हणजे माझ्या जुन्या नियमाने शांत वाहायला हवा होता, पण सुमारे १७ किलोमीटरची भेग उघडली, प्रचंड स्फोट झाला, शंभरावर माणसं गेली. मॅग्मा फार वेगाने वर आला, वायूला निसटायला फुरसत नव्हती, बारीक स्फटिक धरून तो घट्टही होत गेला, आणि एका भागात जमिनीतल्या गरम पाण्याचीही भर पडली. बाहेरचं पाणी हा वेगळाच विषय आहे, टोंगाचा १५ जानेवारी २०२२ चा उद्रेक समुद्राखालचा होता, त्यावर स्वतंत्र लिहीन.

मग आपल्या सह्याद्रीकडे पुन्हा पाहिलं. आपल्याकडे बहुतेक पातळ बसाल्ट, भेगांतून थरावर थर वाहिलेला, महाबळेश्वरकडे काही ठिकाणी एका जागी हजार मीटरहून जास्त. पण मुंबईच्या किनाऱ्यावर, मनोरी, उत्तन या पट्ट्यात रायोलाइट आणि ट्रॅकाइट आहेत, म्हणजे घट्ट जातीचे. ते फुटून आले की वायू गमावून सरकत आले, हे दगडात वाचता येतं का ते बघायचंय. दबून चपटे, भिंगाच्या आकाराचे झालेले प्यूमिसचे तुकडे दिसले तर फुटलेल्या राखेची खूण, नुसते वाहण्याचे पट्टे असतील तर निश्चित सांगणं अवघड.

पुढच्या रविवारी ओहोटी सकाळची आहे, उत्तनला जातेय. हातोडी नेणार नाही, फक्त भिंग, पाण्याची बाटली आणि मोजपट्टी. तिकडे आधी कुणी गेलं असेल तर कुठल्या खडकापासून सुरुवात करू ते सांगा.