एका बोल्टची तीन नावं

रविवारी बडोद्याहून दादाचा, म्हणजे माझ्या मावसभावाचा फोन आला, मकरपुरा जीआयडीसीतल्या फॅक्टरीत ईआरपी, म्हणजे खरेदी, स्टॉक, हिशोब सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर घ्यायचंय, तू तर जर्मनीत सॅपच्या गावाजवळच राहतोस, कुठलं घेऊ ते सांग. खरंय, आयबीएम सोडलेल्या पाच जणांनी १९७२ साली काढलेल्या सॅपचं, म्हणजे ईआरपी बनवणाऱ्या कंपनीचं हेड ऑफिस वाल्डॉर्फला आहे, माझ्या घरापासून जवळच. पण दादा, कुठलं घ्यायचं हे नंतर बघू.

आमच्या पंप बनवणाऱ्या कंपनीत ईआरपी वीस वर्षांपेक्षा जास्त टिकलंय, आणि मला विचारशील तर त्याचं श्रेय स्टोअरमधल्या एका बाईंना. त्यांना विचारल्याशिवाय साधा वॉशरसुद्धा सिस्टिममध्ये जात नाही. सुरुवातीला एका गॅस्केटच्या कोडसाठी त्यांनी मला दोन दिवस थांबवलं तेव्हा मी जाम वैतागलो होतो. मग कळलं, एमआरपी, म्हणजे किती माल लागेल त्याचा हिशोब (छापील किंमत नव्हे), चालवली की सिस्टिम मागणीतून हातातला स्टॉक आणि येऊ घातलेला माल वजा करते आणि उरेल तेवढी खरेदी सुचवते, आता एकाच बोल्टचे तीन कोड असले तर एका कोडवर शून्य दिसतं, ऑर्डर जाते, आणि शेजारच्या रॅकमध्ये तोच बोल्ट खोकं भरून पडलेला असतो. असं चार वेळा झालं की लोक आपापली एक्सेल उघडतात. तिथून पुढे सिस्टिम फक्त बिलं छापायला उरते.

बडोद्यात मी पूर्वी जिथे नोकरीला होतो तिथे हेच झालं. गो-लाईव्हनंतर, म्हणजे नवी सिस्टिम सुरू झाल्यावर, महिन्याभरात कन्सल्टंट गेले, आणि खरा स्टॉक कुठे, तर स्टोअरकीपरकाकांच्या वहीत! तीस वर्षं त्या स्टोअरमध्ये काढलेल्या माणसाला कोड ठरवताना कुणी बोलावलंच नव्हतं. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

दुसरं म्हणजे आपल्या प्रत्येक सवयीसाठी सॉफ्टवेअर वाकवू नका, अपग्रेडला ते सगळं परत तपासावं लागतं. लिडल या जर्मन सुपरमार्केट कंपनीनं सात वर्षांनी, २०१८ साली सॅपचा प्रोजेक्ट सोडून दिला, खर्च साधारण पन्नास कोटी युरो झाल्याचं पेपरांत आलं होतं. ते स्टॉकची किंमत खरेदीच्या भावानं धरायचे, सॉफ्टवेअर विक्रीच्या भावानं, आणि त्यांनी सवय न बदलता सॉफ्टवेअर बदलायला घेतलं.

दिवाळीला येतोय दादा, दोन दिवस तुझ्या स्टोअरकीपरजवळ बसून आयटमची यादी साफ करू, तोवर कुठेही सही करू नकोस.