पर-सीपीयू काउंटर: इंटरप्ट बंद न करता

माझ्या हौशी कर्नलमधले पेज फॉल्ट, कॉन्टेक्स्ट स्विच आणि मोकळ्या पेजेसचे काउंटर एकदाचे पर-सीपीयू, म्हणजे प्रत्येक कोअरसाठी वेगळे, झाले. आधी प्रत्येकासाठी एकच सामायिक ॲटॉमिक (ज्याची वाढ मध्येच तुटत नाही असा) आकडा होता. कोअर वाढवले की त्याची ६४ बाइटची कॅश लाइन (कॅशमध्ये एकत्र हलणारा मेमरीचा तुकडा) नुसती इकडून तिकडे पळायची. प्रत्येक कोअरला वेगळी लाइन दिली आणि ते थांबलं. खरी गंमत पुढे आहे.

एक मिळवायचा म्हणजे वाचा, मिळवा, लिहा. मध्येच इंटरप्ट (चालू काम थांबवणारा हार्डवेअरचा इशारा) येऊन त्यानेही तोच काउंटर वाढवला, तर त्याची वाढ पुसली जाते. मध्येच थ्रेड दुसऱ्या कोअरवर गेला, तर जुन्या कोअरच्या खात्यात शिळा आकडा लिहिला जातो.

एक्स८६-६४ वर (इंटेल-एएमडीचे प्रोसेसर) हे फार सोपं आहे. जीएस सेगमेंटमुळे (त्यात प्रत्येक कोअरच्या डेटाचा पत्ता असतो) आपल्या कोअरचा पत्ता आणि वाढ, दोन्ही एकाच इन्स्ट्रक्शनमध्ये उरकतं. इंटरप्ट तिच्या मध्ये घुसू शकत नाही, त्यामुळे लॉक प्रीफिक्स (इतर कोअरपासूनही वाढ अखंड ठेवणारा) लागत नाही. तो उगाच लावला, तर लाइन स्वतःच्याच कॅशमध्ये असूनही वीसेक सायकल जातात.

रिस्क-व्ही प्रोसेसरवर ही चैन नाही. एकतर इंटरप्ट क्षणभर बंद करा, नाहीतर ॲटॉमिक बेरीज वापरा. मी ॲटॉमिक घेतली. पत्ता काढल्यावर थ्रेड हलला, तर वाढ परक्या खात्यात पडते, पण हरवत नाही. एकूण बेरीज बरोबरच येते. (वेग मोजायचा तर खऱ्या बोर्डवरच. क्यूईएमयू हा एम्युलेटर कॅशची नक्कल करत नाही, तिथले आकडे इथे बिनकामाचे.)

लिहिणं स्वस्त झालं, वाचणं महागलं: बेरजेसाठी सगळ्या कोअरच्या लाइन ओढाव्या लागतात. पेज एका कोअरवर घेतलं आणि दुसऱ्यावर सोडलं की एखादं खातं उणेही दिसतं, म्हणून ती चिन्हासहित ठेवलीत. वाचणं स्वस्त करायला लिनक्स बॅच वापरतं: ३२ किंवा कोअरसंख्येची दुप्पट, यांतलं जे मोठं ते. स्थानिक फरक तेवढा झाला की मगच लॉक घेऊन तो मुख्य आकड्यात मिळवायचा. पण ६४ कोअरवर बॅच १२८ होते आणि झटपट वाचलेला आकडा आठ हजारांपर्यंत चुकू शकतो. पेज फॉल्टला चालेल. मेमरी संपत आली असताना मोकळ्या पेजेसना नाही. तिथे मी पूर्ण बेरीजच करतो.

प्रोसेसनिहाय काउंटर मात्र साधेच ठेवलेत. लिनक्सने ६.२ मध्ये आरएसएसचे (प्रोसेसने व्यापलेल्या रॅमचे) काउंटर पर-सीपीयू केले, तेव्हा अल्पायुषी प्रोसेसना भुर्दंड पडला: प्रत्येक फोर्कला (नवी प्रोसेस बनवताना) सगळ्या कोअरसाठी जागा घ्यायची आणि लगेच परत करायची. माझ्या शेलमध्ये तर बहुतेक प्रोसेस अशाच असतात.