रोवानिएमी: सांताच्या नावावर काय काय खपवतात

डिसेंबर-जानेवारीत फिनलंडच्या लॅपलंडमध्ये जाणाऱ्यांनी जुन्या लाकडी घरांचं, बर्फात बुडालेलं परीकथेतलं गाव आधी डोक्यातून काढून टाकावं. लॅपलंडचं मुख्य शहर असलेलं रोवानिएमी तसं नाही. स्टेशनाबाहेर पडलं की चौकोनी फिकट इमारती, सुपरमार्केटं, पार्किंग. टूरवाल्यांच्या जाहिरातीतले फोटो बहुतेक गावाबाहेरचे असतात, हे कुणी आधी सांगत नाही. माझं डोकं तिथंच फिरलं होतं. कारण कळल्यावर थोडं शांत झालं.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजा फिनलंडच्या बाजूनं लढत होत्या आणि लॅपलंडमधलं त्यांचं मुख्यालय रोवानिएमीत होतं. सप्टेंबर १९४४ मध्ये फिनलंडनं सोव्हिएत संघाशी युद्धविराम केला. जर्मनांना हाकलून द्यायची अट त्यातच होती. नॉर्वेकडे माघार घेताना जर्मनांनी वाटेतलं सगळं पेटवलं. ऑक्टोबरात स्टेशनात दारूगोळ्याच्या गाडीचा स्फोट झाला आणि गावातल्या सुमारे ९० टक्के इमारती गेल्या. म्हणजे जुनं गाव शोधायला आलात तर ते शिल्लकच नाही. वाचलेल्या मोजक्या इमारतींपैकी एक म्हणजे १९३३ सालचं टपाल बसगाड्यांचं विटांचं आगार, तिथं आता कोरुंडी हे कलासंग्रहालय आहे.

नव्या शहराचा आराखडा आल्व्हार आल्तो या वास्तुकारानं १९४५ मध्ये केला. रस्ते रेनडिअरच्या शिंगांसारखे फाकलेले आणि डोळ्याच्या जागी फुटबॉलचं मैदान. चालताना यातलं काही कळत नाही, नकाशावर बघावं लागतं. पण त्याचंच १९६५ सालचं ग्रंथालय चुकवू नका. वरून उजेड येतो, आत ऊब आहे, पैसे पडत नाहीत. अख्ख्या शहरात मला एवढी आवडलेली दुसरी इमारत नाही.

आता नॉर्दर्न लाइट्सची, म्हणजे रात्री आभाळात दिसणाऱ्या ध्रुवीय प्रकाशाची (ऑरोरा) लूट. मी नाव घेत नाही, पण या धंद्यात सगळ्यांची भाषा एकच असते, 'ऑरोरा हंट'. आमच्याकडून माणशी शंभर युरोंच्या वर घेतले. व्हॅन हायवेनं गेली आणि एका तळ्याकाठी थांबली. आभाळ गच्च भरलेलं. शेकोटी, सॉसेज, शाकाहाऱ्यांना बिस्किटं, आणि वर गाइडचं वाक्य, "निसर्गाची हमी देता येत नाही." निसर्गाची नाही देता येत, कबूल. पण आभाळ ढगाळ राहणार हे फिनिश हवामान खात्याच्या संकेतस्थळावर दुपारीच दिसत होतं. ते मला दिसतं आणि या धंद्यावर जगणाऱ्याला दिसत नाही? परतावा मागितला तर अटी दाखवल्या. म्हणून पैसे भरण्याआधी दोनच प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी घ्या: ढग असतील तर मोकळं आभाळ शोधत किती किलोमीटर जाणार, आणि गाडी निघालीच नाही तर पैसे परत का? गुळमुळीत उत्तर आलं की सोडून द्या.

नंतर एका रात्री आर्क्टिकुम संग्रहालयाच्या मागे, औनासयोकी नदीच्या काठावर, फुकटात हिरवा पट्टा अख्ख्या आभाळभर नाचला. मी अक्षरशः ओरडलो. त्या आनंदाच्या भरात सांगतोय असं समजा हवं तर, पण आभाळ मोकळं असेल तर व्हॅन लागतच नाही.

सांताचं गाव शहरापासून आठेक किलोमीटर उत्तरेला आहे. टॅक्सी करू नका, आठ नंबरची सिटी बस जाते. आत शिरायला तिकीट नाही, खिसा हलका होतो तो फोटो आणि दुकानांत. या जागेवरची पहिली केबिन १९५० मध्ये अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट येणार म्हणून घाईघाईत उभारलेली. सांताचं गाव झालं ते १९८५ पासून. फिनिश परंपरेत त्याचं घर रशियाच्या सीमेवरच्या कोर्वातुन्तुरी डोंगरात आहे, पण तिथं विमान उतरत नाही! जमिनीवर रंगवलेल्या आर्क्टिक वृत्ताच्या रेषेवर रांग लावून सगळे फोटो काढतात. खरं वृत्त दरवर्षी साधारण १४-१५ मीटर उत्तरेला सरकतंय, रंग आपला जागच्या जागी. लहान मुलं बरोबर असतील तर जा, नाहीतर अर्धा तास पुरे.

सगळ्यात वाईट टप्पा मात्र औनासवारा टेकडीवरून शहराकडे परतायचा. उंची जेमतेम दोनशे मीटर, सह्याद्रीत हिंडणाऱ्याला हसू येईल. हसू नका. उतारावरचा बर्फ पावलांनी घासून काचेसारखा झालेला असतो आणि चांगल्या ट्रेकिंग बुटांची पकड तिथं शून्य. शहरातल्या फुटपाथवर बारीक खडी टाकतात, वरच्या पायवाटांवर तो भरवसा नाही. बुटांना चढवायचे लोखंडी काटे शहरातल्या दुकानांत मिळतात, ते पहिल्या दिवशीच घ्या. उतरून आलं की केमियोकी नदीवरचा यात्कान्कुन्त्तिला पूल. तिथं उणे वीसच्या पुढचं वारं लागलं की गालांची जाणीव जाते. माझा फोन पुलाच्या मधोमध बंद पडला, नकाशा त्याच्याबरोबरच गेला. बॅटरी आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा. आणि हे सगळं उजेडात उरका. डिसेंबरच्या शेवटी सूर्य जेमतेम दोन तास क्षितिजावर असतो. पुढे बराच वेळ निळसर संधिप्रकाश राहतो, पण त्यात निसरडा बर्फ ओळखू येत नाही.

अंतर वाचवायला गोठलेल्या नदीवरून चालत जायचा मोह होईल. नको. पुलाजवळच औनासयोकी केमियोकीला मिळते, आणि संगमाच्या प्रवाहावर बर्फ सगळीकडे सारखा धरत नाही. त्यातून केमियोकीवर वीजप्रकल्पांची माळ आहे, पाणी कमीजास्त होतं. (औनासयोकीला मात्र १९८३ च्या कायद्यानं धरणांपासून वाचवलंय.) स्थानिकांच्या खुणा दिसल्याशिवाय पाऊल टाकू नये.

हस्की कुत्र्यांबरोबरचा दिवस मजेत गेला, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. पण 'अस्सल सामी अनुभव' असा फलक दिसला तर सावध. सामी म्हणजे उत्तरेकडचे आदिवासी, आणि रोवानिएमी त्यांच्या अधिकृत प्रदेशात येतच नाही, तो इथून बराच उत्तरेला सुरू होतो. शिवाय फिनलंडमध्ये रेनडिअर पाळणारा सामीच असतो असंही नाही, फिनिश शेतकरीही पाळतात. सामींबद्दल खरंच जाणून घ्यायचं असेल तर तीनशेवर किलोमीटर वर, इनारीच्या सीडा संग्रहालयात जा. तेवढा वेळ नसेल तर आर्क्टिकुममध्ये अर्धा दिवस द्या, जळण्याआधीचं रोवानिएमी कसं होतं तेही तिथंच दिसेल.

हेलसिंकीहून रात्रीची रेल्वे साधारण बारा तास घेते. झोपायचा डबा लवकर आरक्षित करा, नाताळच्या आसपास शिल्लक राहत नाही. बसून केलेल्या प्रवासानंतर सकाळी उणे वीसमध्ये बॅगा ओढायची ताकद माझ्यात तरी नव्हती.