आमची वाटचाल : सांगली, डायनामो आणि महापूर

सांगलीत ऑटो इलेक्ट्रिकची दुकानं पैशाला पासरी. पण बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेली मॉरिस मायनर, म्हणजे जुनी ब्रिटिश गाडी, समोर आली, की त्यातली निम्मी ‘कुणीतरी उलटी जोडलीय’ म्हणून टोकं बदलून मोकळी होतात. डायनामोत, म्हणजे गाडीत वीज बनवणाऱ्या यंत्रात, जुनीच चुंबकी दिशा शिल्लक असते. कटआउट, म्हणजे डायनामोला बॅटरीशी जोडणारा आपोआप चालणारा स्विच, मिटला की डायनामो आणि बॅटरी एकमेकांच्या विरुद्ध उभे राहतात आणि पॉइंट चिकटून जळतात. मग गाडी आमच्याकडे येते. आमच्या धंद्याचा पाया अशा कामांवर घातला गेला, हे सांगायला लाज कसली?

मालकाला मायनस अर्थच, म्हणजे बॅटरीचं मायनस टोक बॉडीला, हवी असेल तर तीही करून देतो, पण रीतीने. इग्निशन कॉइलच्या आणि अँमीटरच्या (करंट दाखवणाऱ्या मीटरच्या) वायरी अदलाबदल करायच्या. डायनामोवरच्या डी आणि एफ दोन्ही वायरी काढायच्या आणि बॅटरीच्या लाइव्ह टोकाची (बॉडीला न जोडलेल्या) वायर एफ टर्मिनलला क्षणभर, दोन-तीनदा टेकवायची. ठिणगी पडली म्हणून घाबरू नये. स्टार्टरला हात लावायचं कारण नाही, तो दोन्हीकडून एकाच दिशेने फिरतो. जुना रेडिओ असेल तर मात्र आधी काढून ठेवा.

सुरुवातीला आमच्याबरोबर मिरजेचे एक वाइंडर मामा होते. त्यांचा मूळ धंदा विहिरीवरच्या मोटारी भरण्याचा. ल्युकस या ब्रिटिश कंपनीच्या डायनामोचं आर्मेचर, म्हणजे आतला फिरणारा भाग, त्यांनी पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा म्हणाले, “ही तर पाच एचपीची धाकटी बहीण.” कम्युटेटरच्या, म्हणजे ज्यावर कार्बन ब्रश घासतात त्या गोलाच्या, तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक खरवडायला ते हॅक्सॉ ब्लेडची जाडी बाजूने घासून कमी करायचे आणि खाच बरोबर 0.8 मिलिमीटर खोल घ्यायचे. अभ्रक वर राहिला की कार्बन ब्रश उडतो आणि चार्जिंगचा दिवा लुकलुकतो. शेवटचा हात काचकागदाचा, एमरीचा नाही. एमरीचे कण वीज वाहून नेतात आणि खाचेत बसून पट्ट्या जोडतात. फील्ड कॉइल (डायनामोतलं चुंबक तयार करणारं वेटोळं) सहा ओहमच्या आसपास दाखवायला हवी. दोन-तीनच दाखवली तर आत शॉर्ट आहे, ब्रश बदलून वेळ घालवू नका.

मधली वर्षं बरी गेली. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेनं आयर्विन पुलाशी 57 फुटांची पातळी ओलांडली आणि आमचं दुकान नदीकडच्या बाजूला. वर्षानुवर्षं जमवलेले कंट्रोल बॉक्स, डिस्ट्रिब्युटरच्या टोप्या, हेडलाइटच्या रिंगा, सगळं गाळात. विमेवाल्यांनी खरेदीची बिलं मागितली. भंगार बाजारातून उचललेल्या 1958 सालच्या कटआउटचं बिल कोण देतो? मालाची किंमत शून्य धरली गेली. तो राग आजही गेलेला नाही.

पण आम्हाला खरा दणका पाणी ओसरल्यावर बसला. गाड्या धुतल्या, वाळवल्या, दिवे लागले, म्हणून मालक खूश. पुराचं पाणी मात्र वायरीच्या टोकातून तारांमध्ये वर चढलेलं असतं. पीव्हीसी बाहेरून चकचकीत आणि आत तांब्यावर हिरवी पूड. कंटिन्युइटीला, म्हणजे वायर अखंड आहे का बघताना, मीटर टीं-टीं वाजतो, कारण त्याला एक तार शाबूत असली तरी पुरते. टेस्ट लोडवरच, म्हणजे दिवा चालू ठेवूनच, करायची. हेडलाइट लावा, मीटर व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या लाइव्ह खांबाला, दुसरं बल्बच्या होल्डरला. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा दिसला की त्या वाटेत कुठंतरी रोग आहे. तसंच बल्बच्या अर्थपासून बॅटरीच्या अर्थ खांबापर्यंत 0.2 व्होल्टपेक्षा जास्त नको.

हे समजावून सांगेपर्यंत मोठ्या शहरातला एक व्यापारी रेडिमेड वायरिंग घेऊन आला. आमच्या निम्म्या दरात. आमचीच गिऱ्हाइकं त्याच्या टेम्पोभोवती. त्या किटमध्ये झाडून सगळी वायर 14/0.30. म्हणजे 0.30 मिलिमीटरच्या चौदा तारा. ती टेललाइटला, इंडिकेटरला ठीक. हेडलाइटला 28/0.30 लागते आणि डायनामोच्या मुख्य लाइनला 44/0.30. त्यात कुणी 60 वॅटचे हॅलोजन बसवले की दोन दिव्यांनाच दहा अँपिअर गेले. या गाड्यांतल्या ल्युकस सी-39 मॉडेलच्या डायनामोची एकूण ताकद 19 अँपिअर. रिले (जड करंट स्विचऐवजी स्वतःवर घेणारा भाग) नसेल तर आधी स्विच वितळतो, मग वायर. त्यातल्या काही गाड्या पुढं आमच्याकडेच आल्या. आम्ही दर वाढवला नाही, पण दोन शब्द ऐकवले.

त्या दिवसांत एकच माणूस हलला नाही. तासगावकडचे द्राक्ष बागायतदार, घरात वडिलांच्या वेळची मायनर. “तुमचं दुकान उभं राहू दे, गाडी कुठं पळून जातेय,” म्हणाले आणि आगाऊ पैसे ठेवून गेले. त्या गाडीचं लूम, म्हणजे वायरिंगची सगळी जुडी, आम्ही अखंड बाहेर काढलं, प्लायवर खिळे मारून जसंच्या तसं मांडलं आणि फाट्याफाट्यावर चिठ्ठ्या बांधल्या. तपकिरी म्हणजे थेट बॅटरी, पांढरी इग्निशन, हिरवी फ्यूजमधून गेलेली इग्निशन, लाल साइड लाइट, निळी हेडलाइट, काळी अर्थ. रंग उडाला असेल तर कनेक्टरच्या रबराखाली दडलेला अर्धा इंच बघा, तिथं मूळ रंग टिकलेला असतो. टोकांना 4.7 मिलिमीटरचे पितळी बुलेट (गोळीसारखे कनेक्टर), तेही सोल्डर करून. वर बिनगोंदाची टेप, अर्ध्यावर अर्धी चढवत. चिकट टेप उन्हाळ्यात पाझरते आणि मग माणूस वायरिंगला हात लावायला नको म्हणतो.

फ्यूजबद्दल कुणी विचारत नाही, तरी सांगतो. ल्युकसच्या काचेच्या फ्यूजवरचा 35 हा उडण्याचा आकडा आहे, सतत चालवायचा 17. आजचा 35 चा फ्यूज तिथं घातला तर फ्यूजच्या आधी वायर जाते.

पार्टसाठी आजही कुर्ल्याचा भंगार बाजार, कोलकात्याचा मलिक बाजार, दिल्लीचं मायापुरी, हीच देवळं. 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांपुढच्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांना विंटेज नोंदणी दिली आणि ज्या डायनामोला रद्दीच्या भावात विचारत नव्हते त्याची किंमत विक्रेते आता मिशीला पीळ देऊन सांगतात. मूळ पार्ट काढून टाकू नका, अल्टरनेटर बसवलात तरी डायनामो तेल लावून पोत्यात बांधून ठेवा.

आणि आम्हाला फोन करण्याआधी कापड मारून डायनामोच्या बॉडीवरचा ठसा वाचा. तिथं मॉडेल, पाच आकडी नंबर आणि शेजारी महिना-वर्ष असतं. नुसतं “अँबॅसिडरचा डायनामो आहे का?” विचारलंत तर आम्ही फोन ठेवतो.